जांभ्यातला धातू आणि घरची डबी

दापोली तालुक्यातील सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, बॉक्साइट हे ॲल्युमिनियमचे खनिज आढळते आणि उंबरशेत परिसरात त्याचे उत्खननही झाले आहे; तथापि हा धातू स्वस्त झाला तो 1886 मध्ये हॉल व हेरू या दोघा संशोधकांनी स्वतंत्रपणे विद्युत-विघटनाने तो मिळवण्याची रीत शोधल्यानंतरच. भारतात 1898 च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी घडवून घेतली, आणि तांब्या-पितळेच्या कामाला एक नवा धातू मिळाला.

ॲल्युमिनियमचा पत्रा मऊ असल्याने विद्युत उपकरणाची छोटी पेटी घरीही घडवता येते, पण रंग हीच खरी कसोटी. कापलेल्या कडा कानशीने घासल्या, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने (कोरडा कागद धातूच्या भुकटीने लगेच बुजतो) पृष्ठभाग खरवडला, तरी हवेतील प्राणवायूमुळे त्यावर ऑक्साइडचा पातळ थर क्षणात पुन्हा बसतो. गुळगुळीत पत्र्यावर रंगाची पकड मुळातच कमी असते; म्हणून घासून, पुसून, विनाविलंब प्राइमरचा, म्हणजे रंगाला धरून ठेवणाऱ्या अस्तराचा, हात द्यावा लागतो. हर्णै-दापोलीच्या खाऱ्या हवेत ही पायरी गाळणे परवडत नाही, कारण रंगाला पोपडे सुटताच मीठ खाली शिरून धातूला बारीक खड्डे पाडते.