आकड्यात दडलेला नर

व्हिडिओ गेममधल्या काल्पनिक जीवाला देह नसतो. असतात ती चित्रे आणि आकडे. तरीही तो नर की मादी, हे खेळणारा पाहताक्षणी ठरवून टाकतो. हा निवाडा चित्रकारांच्या आणि प्रोग्रामरांच्या जुन्या सवयींतून आलेला आहे, आणि त्या सवयी कशा पडत गेल्या हे दाखवता येते. १९८० साली जपानच्या नामको कंपनीने आणलेला पॅक-मॅन म्हणजे तोंड असलेली पिवळी चकती. पुरुष होता तो नावात. चित्रात त्याची एकही खूण नव्हती. १९८२ मध्ये अमेरिकेत ‘मिज पॅक-मॅन’ आली, तेव्हा मात्र त्याच चकतीला डोक्यावर बो, ओठांना लाली आणि चेहऱ्यावर तीळ द्यावा लागला. खूण नसलेला तो पुरुष आणि खूण केलेली ती स्त्री, ही वाटणी तेव्हापासूनच दिसते.

१९९६ मध्ये जपानात गेम बॉयवर ‘पोकेमॉन’ आला. त्यातल्या काल्पनिक जीवांच्या १५१ जातींपैकी लिंगाची खूण होती फक्त निडोरानच्या नावात, आणि तिथेही नर व मादी या दोन स्वतंत्र जाती धरल्या होत्या. १९९९ च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये जोड्या लावून अंडी मिळवण्याची सोय झाली आणि लिंग ठरवणे भाग पडले. ते काढले गेले प्रत्येक जीवाच्या आक्रमणाच्या ० ते १५ या जन्मजात आकड्यावरून. निम्मे नर आणि निम्म्या माद्या असलेल्या जातीत ७ पर्यंत मादी, ८ पासून नर. खेळाच्या आरंभी मिळणाऱ्या जीवांत आठांत एकच मादी, म्हणून तिचा आकडा ० किंवा १. परिणामी या आकड्यात जातीतली सर्वांत बलवान मादीही सर्वांत दुबळ्या नराच्या खालीच राहिली.

ही निव्वळ काटकसर होती, असे कोणी म्हणेल. जुन्या कार्ट्रिजमधल्या जीवांशी अदलाबदल चालू ठेवायची होती आणि त्यांच्या नोंदीत लिंगाला जागा नव्हती, हे खरेच आहे. पण काटकसरीमुळे असलेला आकडा वापरावा लागला. मोठा आकडा नराला देण्याची सक्ती तिने केली नव्हती. उलटा नियमही तेवढ्याच जागेत बसला असता. निसर्गाचा दाखलाही टिकत नाही. अनेक शिकारी पक्ष्यांत आणि कोळ्यांत मादीच थोराड असते. इथे मात्र एरियाडॉस हा कोळी आणि गॅस्टली हे वायुरूप भूत, दोघांनाही तोच नियम लागू झाला. २००२ च्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’मध्ये लिंग आक्रमणापासून वेगळे केले गेले, आणि खेळाची गोडी तसूभरही कमी झाली नाही.

चित्रकारानेच बाईपण रेखाटले असेल तर पाहणाऱ्याला दोष का द्यावा, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. २००२ चा गार्डेव्हॉयर घोळदार झग्यातल्या स्त्रीसारखाच दिसतो. पण त्या जातीत निम्मे नर आहेत. २००६ च्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’मध्ये त्याच कुळातला, तलवारीसारख्या हातांचा गॅलेड केवळ नरांसाठी आला, तरी नर गार्डेव्हॉयर कायम राहिला. म्हणजे रूप एक सांगत असताना नोंद दुसरे सांगू शकते. त्याच खेळांत पिकाचूच्या मादीला शेपटीच्या टोकाशी बदामासारखी खाच मिळाली आणि जुने चित्र आपोआप नराचे ठरले. चोवीस वर्षांपूर्वीची वाटणी अजून सुटली नव्हती. मुले या जीवांकडून बळ कोणाचे आणि नटणे कोणाचे, हेही शिकत असतात. म्हणूनच गार्डेव्हॉयरच्या बाबतीत घेतलेली मोकळीक अपवाद न राहता रीत व्हायला हवी.