चंद्रभागेचं पाणी आमच्या शिवेला



शताब्दीच्या पुस्तकासाठी दिंडीचा इतिहास लिहा, असं मंडळींनी आम्हाला सांगितलं. लिहायला बसलो आणि एक सूचना आली. मुक्कामावर आपल्या दिंडीत जी कानडी पदं म्हणतात, त्यांचा उल्लेख टाळा. वारी ही महाराष्ट्राची ओळख, तिथं कानडीचं काय काम? सांगणारे आपलेच, प्रेमानंच बोलले. पण आम्हाला ते पटलं नाही, म्हणून आधी तेवढंच लिहितो.

कुंभारी हे अक्कलकोट रस्त्यावरचं गाव. दिंडी पहिल्यांदा निघाली तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं. आपण मुंबई इलाख्यात, आणि थोडं पुढं गेलं की अक्कलकोटचं संस्थान. राज्य झालं 1 मे 1960 ला. म्हणजे आपली दिंडी राज्यापेक्षा वयानं थोरली. पुढं सीमेसाठी महाजन आयोग बसला. 1967 च्या अहवालात त्यानं अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर भागातली गावं म्हैसूर राज्याला द्या म्हणून सांगितलं. महाराष्ट्रानं मानलं नाही. मानलं असतं तर आपण परराज्यातले वारकरी झालो असतो. विठोबानं काय, दर्शन द्यायचं थांबवलं असतं?

इकडं घरात कानडी आणि दारात मराठी, हे नवीन नाही. आपल्या दिंडीतल्या कितीतरी आज्ज्या बाजारात मराठीतून भाव करताना अडखळायच्या. पण हरिपाठ म्हणताना एक अक्षर चुकायचं नाही. आम्ही स्वतः त्यांच्यामागं टाळ धरून शिकलो.

आता पंढरीचं बघा. देवळात सोळखांबीच्या तुळईवर 1237 सालचा लेख आहे, होयसळ राजा सोमेश्वराच्या वेळचा, संस्कृत आणि कानडीतला. त्यात पंढरीला पंडरगे म्हटलंय. त्याच देवळात चौऱ्यांशीचा शिलालेख. चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो म्हणून लोक त्याला पाठ घासतात. आम्हीही लहानपणी घासली. त्यावर 1273 ते 1277 या सालांत देवाला दान देणाऱ्यांची नावं आहेत, हे फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर पाठ घासायच्या आधी हात जोडले असते.

माउलींनीही अभंगात विठ्ठलाला कानडा म्हटलंय. कीर्तनात त्याचा अर्थ कुणी न कळणारा असा करतात, कुणी कर्नाटकचा असा. आम्ही दोन्ही सांगतो. तिकडं पुरंदरदासांनी कानडीत पदं केली आणि शेवटी पुरंदर विठ्ठल अशी मुद्रा घातली. हंपीला विठ्ठलाचं केवढं देऊळ आहे!

आणि मराठीचं म्हणाल, तर ती आपल्या तालुक्यातच सापडते. वारीला जाताना सोलापूर ओलांडलं की तिऱ्ह्याला सीना लागते. हीच सीना खाली हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. पंढरीला जिला चंद्रभागा म्हणतो ती हीच भीमा. देवाच्या पायाजवळून निघालेलं पाणी आपल्या शिवेवर येतं, पलीकडं कर्नाटक. त्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे, तिथं तुळईवर मराठी ओळ कोरलीय. शके 940, म्हणजे इसवी सन 1018. सोलापूरचे आनंद कुंभार यांनी ती उजेडात आणली. मराठीतल्या सगळ्यांत जुन्या लेखांत ती धरतात. मतलब असा, की जो हे वाचेल तो विजयी होईल. आमची शाळा चौथीपर्यंतच, तरी तिथं उभं राहिलो तेव्हा अंगावर काटा आला.

मराठीचा एवढा जुना दगड सापडला तो अगदी सीमेवर, आणि कानडी अक्षरं कुठं, तर विठोबाच्या सोळखांबीत. मग आपण आपल्या वहीतली पदं कशासाठी झाकायची?

तर ती वही. कुण्या जाणत्यानं कानडी पदं बाळबोध अक्षरात उतरवून ठेवली आहेत. कडा वाळवीनं खाल्ल्यात, काही पदांचं नुसतं धृपद उरलंय. आहे तेवढं पुढच्या पानांवर छापलंय. म्हणणाऱ्या बायकांची नावं वहीत नाहीत, फक्त पुरुषांची आहेत. ही चूक आपल्याच वाडवडलांची. कुणाला आज्जीचं नाव सांगता येईल, कुणाच्या घरी एखादं पद पुरं पाठ असेल, त्यांनी कार्तिकीच्या आत मठात येऊन सांगावं. लिहून आणायची गरज नाही. म्हणून दाखवलं तरी आम्ही उतरवून घेऊ.