न दिसणाऱ्या भिंतीचे डोळे

जपानी मांगा आणि ॲनिमे यांची मुळे थेट बाराव्या शतकातील प्राणिचित्रांच्या गुंडाळपटांपर्यंत नेण्याचा प्रघात आहे. मूळ जुने, फांद्या नव्या, असा तो सरळ हिशेब. मिझुकी शिगेरू (१९२२-२०१५) यांच्या 'गेगेगे नो कितारो' या मालिकेपुरता हा हिशेब तपासला, तर तो अर्धाच जुळतो.

आधी जुळणारी बाजू. पुरलेल्या गरोदर स्त्रीला थडग्यातच मूल होते. तिचे भूत रोज रात्री दुकानातून गोळ्या विकत आणून त्याला जगवते, ही जपानमधील प्रसिद्ध लोककथा. तिच्याशी जुळणारी कथा चीनमधील सोंग काळातल्या संग्रहातही आढळते. १९३३च्या सुमारास या कथेवरून थडग्यात जन्मलेल्या कितारोचा 'कामिशिबाई' खेळ तयार झाला. सायकलवर लाकडी चौकट बांधून गल्लोगल्ली फिरणारा कथेकरी चित्रे सरकवत गोष्ट सांगे आणि मुलांना खाऊ विकून पोट भरी. १९५०च्या दशकात याच धंद्यासाठी चित्रे काढणाऱ्या मिझुकींनी कितारोला नवे रूप दिले. दूरचित्रवाणी आली आणि हे कथेकरी मागे पडले. कितारो मात्र भाड्याच्या पुस्तकांतून मासिक-साप्ताहिकांत आणि १९६८ साली पडद्यावर पोचला.

आता न जुळणारी बाजू. कितारोच्या सोबत्यांत 'नुरिकाबे' आहे: राखाडी चौकोनी भिंत, दोन पेंगुळलेले डोळे, आखूड हातपाय. लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी १९३८ पासून योकाईंची, म्हणजे भुताखेतांची, जी यादी प्रसिद्ध केली, तीत नुरिकाबेची नोंद क्युशू बेटावरची आहे. रात्री चालताना वाट एकाएकी अडते. काठीने खालच्या बाजूला फटकारले तर अडथळा नाहीसा होतो, वर मारून उपयोग नाही. आपल्या चकव्याचाच हा भाऊबंद. त्याला ना रंग, ना डोळे. देवळाजवळच्या झाडीत वाळू फेकणाऱ्या म्हातारीबद्दल तर तिला कोणी पाहिलेलेच नाही, अशी नोंद आहे. या बिनचेहऱ्याच्या नावांना मिझुकींनी चेहरे दिले.

हे केवळ कल्पनेचे लाड नव्हते. दुसऱ्या महायुद्धात ते न्यू ब्रिटन बेटावर सैनिक होते. तुकडीतले साथीदार मारले गेल्यावर रात्री जंगलातून एकट्याने पळताना पुढे काहीतरी घट्ट आडवे आले, हीच नुरिकाबे असावी, असे त्यांनी पुढे सांगितले. त्याच बेटावर बाँबहल्ल्यात त्यांचा डावा हात गेला. उरलेल्या हाताने त्यांनी त्या अंधाराला डोळे काढले.

२००७ साली या कथेला आणखी एक वळण मिळाले. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या संग्रहातील जुन्या चित्रपटावर 'नुरिकाबे' असे नाव लिहिलेला, तीन डोळ्यांचा, पांढरट श्वापदासारखा प्राणी आढळला. क्युशूतील लोकांची नुरिकाबे हीच का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण वाचकांच्या मनातली भिंत ढळली नाही. पुराव्याने जुने असलेले श्वापद परके वाटते आणि काल-परवाचे चित्र परंपरेचे!

परंपरेने लोकप्रिय कलेला बीज दिले, हे कितारोच्या बाबतीत खरेच आहे. नुरिकाबेच्या बाबतीत मात्र लोकप्रिय कलेनेच परंपरेला चेहरा दिला. त्यातून दोन गोष्टी घडल्या. यादीत पडून राहिली असती अशी खेड्यापाड्यांतली नावे घरोघरी पोचली. आणि 'कोणी पाहिलेले नाही' ही त्या भीतीची मूळ खूण पुसली गेली. ज्या अभ्यासकाला लोकपरंपरेची साधने म्हणून अशी चित्रे वापरायची आहेत, त्याने आधी हे विचारले पाहिजे: हा चेहरा सांगणाऱ्याचा, की काढणाऱ्याचा?