लागोसचा गोलरक्षक, ह्यूस्टनचा ‘ड्रीम’

अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये परदेशी खेळाडू दिसणे ही आज नवलाची गोष्ट राहिलेली नाही. आफ्रिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियातील तरुण शिष्यवृत्तीच्या बळावर तेथील विद्यापीठांत दाखल होतात आणि त्यातील निवडक खेळाडू पुढे व्यावसायिक ‘एनबीए’मध्ये पोहोचतात. १९८० मध्ये मात्र ही वाट फारशी मळलेली नव्हती. ती ज्यांनी रुंद केली, त्यांत नायजेरियाच्या हकीम ओलाजुवानचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

उशिरा गवसलेला खेळ

२१ जानेवारी १९६३ रोजी लागोस येथे एका योरूबा कुटुंबात हकीमचा जन्म झाला. आई-वडिलांचा सिमेंटचा व्यवसाय होता. लहानपणी त्याचे खेळ दोन, फुटबॉल आणि हँडबॉल. फुटबॉलमध्ये तो गोलरक्षक असे. बास्केटबॉलचा चेंडू त्याने हाती घेतला तो वयाची पंधरा वर्षे उलटल्यावर. ज्या खेळात अमेरिकी मुले पाच-सहा वर्षांची असल्यापासून घडवली जातात, त्यात हा उशीर भरून न येणारा वाटावा असाच होता. प्रत्यक्षात तोच त्याच्या पथ्यावर पडला. गोलरक्षकाची चेंडूच्या दिशेचा अचूक वेध घेणारी नजर आणि हँडबॉलपटूची चपळाई यांमुळे जवळजवळ सात फूट उंचीच्या या खेळाडूला असे पदलालित्य लाभले, जे त्या उंचीच्या खेळाडूंमध्ये क्वचितच आढळते.

१९८० मध्ये तो ह्यूस्टन विद्यापीठात दाखल झाला, तेव्हा त्याच्याविषयी कोणालाही मोठी अपेक्षा नव्हती. विमानतळावर त्याला घ्यायलाही कोणी आले नव्हते. प्रशिक्षक गाय लुईस यांच्या सूचनेनुसार तो टॅक्सी करून विद्यापीठात पोहोचला. पहिल्या मोसमात तर त्याला सामने खेळताच आले नाहीत. पुढे उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत ह्यूस्टनच्या फाँडे क्रीडा केंद्रात त्याला नामांकित व्यावसायिक सेंटर मोझेस मलोनसमोर सराव करण्याची संधी मिळाली. बलदंड मलोनशी रोजची झटापट हीच त्याची खरी शाळा ठरली.

अखेरच्या क्षणाचा घाव

क्लाइड ड्रेक्सलरसारख्या सहकाऱ्यांमुळे ह्यूस्टनचा संघ उंच उड्या आणि डंक यांसाठी प्रसिद्ध झाला आणि ‘फाय स्लामा जामा’ या नावाने ओळखला जाऊ लागला. १९८२, १९८३ आणि १९८४ अशी सलग तीन वर्षे या संघाने राष्ट्रीय स्पर्धेची उपान्त्य फेरी गाठली. विजेतेपदाने मात्र प्रत्येक वेळी हुलकावणी दिली.

त्यातील १९८३ चा पराभव सर्वांत जिव्हारी लागणारा होता. सलग २६ सामने जिंकून आलेल्या ह्यूस्टनची अंतिम फेरीत नॉर्थ कॅरोलिना स्टेटशी गाठ पडली. आघाडी हाती असताना ह्यूस्टनने खेळाचा वेग मंदावला आणि मोक्याच्या क्षणी फ्री थ्रो वाया घालवले. ५२-५२ अशा बरोबरीत शेवटच्या काही सेकंदांत प्रतिस्पर्ध्यांनी लांबून मारलेला फटका बास्केटपर्यंत पोहोचलाच नाही. परंतु लॉरेन्झो चार्ल्सने तो चेंडू हवेतच झेलून थेट बास्केटमध्ये घातला आणि सामना ५४-५२ असा संपला. या सामन्यात ओलाजुवानने २० गुण आणि १८ रिबाउंड मिळवले होते. पराभूत संघात असूनही स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. त्यानंतर २०२५ पर्यंत पराभूत संघातील एकाही खेळाडूच्या वाट्याला हा मान आलेला नाही. पुढच्या वर्षी पॅट्रिक युइंगच्या जॉर्जटाउनने ह्यूस्टनला अंतिम सामन्यात ८४-७५ असे हरवले.

एका नाणेफेकीचा कौल

१९८४ च्या खेळाडू निवडीत पहिला क्रमांक कोणाला, हे ह्यूस्टन रॉकेट्स आणि पोर्टलंड यांच्यातील नाणेफेकीवर ठरले. कौल रॉकेट्सच्या बाजूने लागला आणि ओलाजुवान त्याच शहरात राहिला. त्या वर्षी मायकेल जॉर्डनची निवड तिसऱ्या क्रमांकावर झाली होती. असे असूनही रॉकेट्सची निवड चुकली, असे सहसा कोणी म्हणत नाही.

१९८६ मध्ये रॉकेट्सने अंतिम फेरी गाठली, पण बोस्टन सेल्टिक्सने त्यांना नमवले. नंतरची काही वर्षे निराशेची गेली. १९९१ मध्ये त्याने आपल्या नावाचे स्पेलिंग बदलून ‘अकीम’चे मूळचे ‘हकीम’ केले. मराठीत हकीम म्हणजे वैद्य. अरबीत या शब्दाचा ‘ज्ञानी’ असाही अर्थ आहे. याच काळात धर्माचरणाकडे त्याचा ओढा वाढला. रमजानच्या महिन्यात दिवसभर उपवास करून तो सायंकाळी सामना खेळत असे. फेब्रुवारी १९९५ मध्ये असे उपवास चालू असतानाच तो ‘एनबीए’चा महिन्यातील सर्वोत्तम खेळाडू ठरला होता.

१९९४ मध्ये अखेर जुना हिशेब चुकता झाला. अंतिम फेरीत समोर न्यूयॉर्क निक्स आणि त्यांचा आधारस्तंभ तोच पॅट्रिक युइंग होता. मालिकेत २-३ असे मागे असताना सहाव्या सामन्याच्या शेवटच्या क्षणी जॉन स्टार्क्सच्या फटक्याला ओलाजुवानची बोटे लागली आणि रॉकेट्स ८६-८४ असे बचावले. सातवा सामना जिंकून त्यांनी विजेतेपद पटकावले. १९८३ मध्ये अखेरच्या क्षणाने जे हिरावून नेले होते, ते अकरा वर्षांनी तशाच एका क्षणाने परत केले. १९९५ मध्ये जुना सोबती ड्रेक्सलर संघात आला आणि शकील ओनीलच्या ऑर्लँडो मॅजिकला ४-० असे नमवून रॉकेट्सने विजेतेपद राखले.

१९९३ मध्ये ओलाजुवान अमेरिकी नागरिक झाला. पूर्वी नायजेरियाच्या कनिष्ठ संघातून खेळल्यामुळे त्याला अमेरिकेसाठी खेळण्यास विशेष परवानगी घ्यावी लागली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले. खांद्याच्या व पायाच्या हालचालींनी प्रतिस्पर्ध्याला चकवणारी त्याची ‘ड्रीम शेक’ ही शैली शिकण्यासाठी पुढे कोबी ब्रायंट आणि लब्रॉन जेम्ससारखे खेळाडू त्याच्याकडे आले. २०२२ मध्ये ‘एनबीए’ने सर्वोत्तम बचावपटूच्या करंडकाला त्याचे नाव दिले. लागोसच्या मैदानावर गोल वाचवणाऱ्या मुलाचा यापेक्षा उचित गौरव कोणता?

दृष्टिक्षेपात कारकीर्द
महाविद्यालय : ह्यूस्टन विद्यापीठ, १९८१ ते १९८४
व्यावसायिक संघ : ह्यूस्टन रॉकेट्स (१९८४-२००१), टोरांटो रॅप्टर्स (२००१-०२)
एकूण गुण : २६,९४६
रिबाउंड : १३,७४८
ब्लॉक : ३,८३० (१९७३-७४ पासून नोंद ठेवली जाऊ लागल्यानंतरचा उच्चांक)
विजेतेपदे : १९९४, १९९५
हॉल ऑफ फेम : २००८