मद्यार्क आणि बीजाणू

१८७६ साली वोलस्टाइन या आडगावी सरकारी वैद्यकीय अधिकारी असलेल्या रॉबर्ट कॉख यांनी अँथ्रॅक्स या गुरामेंढरांच्या रोगाचे एक कोडे उलगडले. रोगाचे जीवाणू कवचबंद बीजाणूंचे रूप घेतात आणि कुरणाच्या मातीत वर्षानुवर्षे निजून राहतात. नोकरीतून उसनवार मिळालेल्या वेळात हे काम झाले, हे विशेष! त्याच वर्षी ब्रेस्लौचे वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी वाळल्या गवताच्या काढ्यात असेच बीजाणू पाहिले. काढा उकळला तरी ते तगत.

१८८१ मध्ये कॉख यांनी बर्लिनला एकेक जंतुनाशक पारखले. ५ टक्के कार्बॉलिक आम्लापुढे बीजाणू अखेर नमले; मद्यार्कात मात्र ते महिनोन्महिने जिवंत राहिले.

तरीही मद्यार्कावरील लोकांची श्रद्धा ढळली नाही. २०२० च्या साथीत भारतातील साखर कारखाने उसाच्या मळीपासून हात निर्जंतुक करणारे द्रव बनवू लागले. करोनाच्या विषाणूवर ते गुणकारी होते, यात वाद नाही. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात ८० टक्के इथेनॉलबरोबर ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात, ते हातांसाठी नव्हे, तर खुद्द त्या द्रवात शिरलेल्या बीजाणूंच्या नाशासाठी. औषधालाच औषध! बीजाणूंपासून पसरणाऱ्या अतिसाराच्या रुग्णाची शुश्रूषा करून आलेली परिचारिका म्हणूनच बाटली सोडून नळाकडे वळते. तेथे साबण बीजाणूंना मारीत नाही. तो त्यांना त्वचेवरून सुटे करतो आणि पाणी वाहून नेते.