आयर्लंडच्या पोरांनी लिहिलेला आजीबाईचा बटवा

डांग्या खोकला झालाय? मग पांढऱ्या घोड्यावरून जाणारा माणूस गाठा, त्याला उपाय विचारा आणि तो जे सांगेल ते करा.

हसू आलं ना? पण आयर्लंडच्या खेड्यांत हे मनापासून केलं जायचं. आज आपल्याला ते कळतं, कारण तिथल्या शाळकरी पोरांनी ते लिहून ठेवलं.

ब्रिटिशांपासून सुटलेल्या त्या गरीब देशाने १९३५ साली लोकपरंपरा जमवायला आयरिश फोकलोर कमिशन नेमलं. गावोगाव पाठवायला माणसं आणणार कुठून? मग १९३७ ते १९३९ मध्ये सुमारे ५,००० शाळांतली ५०,००० मुलं कामाला लागली. वही घ्यायची, घरी जायचं, म्हाताऱ्यांना विचारायचं. सांगणाऱ्याचं नाव-गावही टिपायचं.

वह्यांत काय नाही? संत ब्रिजिडच्या सणाच्या आदल्या रात्री, ३१ जानेवारीला, कापडाचा तुकडा घराबाहेर ठेवायचा आणि पुढे डोकं दुखलं की तोच बांधायचा. नेटलचा पाला झोंबला तर डॉकचं पान चोळायचं.

पण या बटव्याला काळी बाजूही आहे. १८९५ साली टिपररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी ही तरुण बाई आजारी पडली. नवऱ्याला वाटलं, खरी बायको पऱ्यांनी नेली, ही बदली आहे. नातेवाइकांसमोर तिला बळजबरीने जडीबुटी पाजली, आगीची धग दिली. शेवटी नवऱ्याने तिला जाळलं. त्याने १५ वर्षं तुरुंगवास भोगला. ब्रिजेट मात्र गेली ती गेलीच.

आता दुसरं टोक बघा. उत्तर आयर्लंडमधल्या बोहो गावात चर्चच्या आवारातली माती फडक्यात बांधून आजाऱ्याच्या उशाखाली ठेवत. २०१८ साली शास्त्रज्ञांनी याच भागातल्या मातीत स्ट्रेप्टोमायसिस कुळातला जीवाणू शोधला. औषधांना न जुमानणाऱ्या काही जंतूंची वाढ त्याने प्रयोगशाळेत रोखली. म्हणून उशाखाली माती ठेवून आजार बरा होतो असं सिद्ध झालं नाही. पण शोध कुठे घ्यायचा, ते मात्र जुन्या समजुतीने दाखवलं.

म्हणून सांगतो, जुनं ते सगळं सोनं नाही आणि सगळं थोतांडही नाही. लिहून ठेवणं वेगळं, पोटात घेणं वेगळं. पहिलं काम पाचवीतलं पोरही करू शकतं. दुसऱ्यासाठी डॉक्टर लागतो.

तुमच्या घरी आजी आहे? मग आज वही घेऊन तिच्याजवळ बसा. उपाय लिहा, तिचं नाव लिहा, गाव लिहा. फॉरवर्ड नंतर करा.