सायकल चालते, काटा हलत नाही



आठवड्यातून चार दिवस सायकल, रात्रीचा भात बंद, चहात साखर नाही, आणि तीन महिन्यांनी वजनाचा काटा जिथल्या तिथे! रास अल खोर आणि आसपास राहणाऱ्या आम्हा सायकलवाल्यांच्या गप्पांत हा विषय निघाला नाही असा आठवडा जात नाही. काहींनी तर वैतागून सायकल गॅलरीत उभी केली आहे, तिच्यावर आता टॉवेल वाळतात. म्हणून यामागचे गणित आणि शरीरशास्त्र एकत्र करून येथे देत आहोत. आम्ही डॉक्टर नाही, इंजिनियर आहोत. त्यामुळे आकडेमोड जरा जास्त आहे, सांभाळून घ्या.

आधी सायकलचा हिशेब. ७५ किलोचा माणूस ताशी १६ ते १९ किमी वेगाने सायकल चालवतो तेव्हा स्वस्थ बसण्याच्या सुमारे पावणेसातपट ऊर्जा खर्च होते, म्हणजे तासाला ५१० कॅलरीच्या आसपास. पण त्यातल्या ७५ तर नुसते बसूनही गेल्याच असत्या. त्यामुळे ४० मिनिटांच्या फेरीचा निव्वळ खर्च निघतो २९०. मुलांबरोबर रमतगमत गेलात तर त्याच्याही निम्मा. आठवड्याला चार फेऱ्या धरल्या तर ११६०. एक किलो चरबीत अंदाजे ७७०० कॅलरी असतात. म्हणजे खाणे तसूभरही वाढले नाही असे धरले, तरी एक किलो उतरायला साडेसहा आठवडे! तीन महिन्यांत फार तर दोन किलो. शरीरातले पाणी, मीठ आणि पोटातले अन्न यांनी वजन एरवीही किलो-दीड किलोने वरखाली होतच असते, त्यात हे दोन किलो सहज लपतात.

शिवाय सायकल हे मुळातच काटकसरी वाहन. नाद अल शिबाचा ट्रॅक सपाट आणि गुळगुळीत, कात्रजच्या घाटासारखा चढ इथे कुठून आणायचा? फेरीनंतर लगेच काट्यावर उभे राहून एक किलो कमी दिसला तर तो घाम समजावा. पाणी प्यायले की परत येतो.

आता ताटाकडे. घरगुती जेवणात खरा घोळ तेलाचा आणि शेंगदाण्याचा आहे. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाणे म्हणजे १७०. हे दोन मिळून अख्खी फेरी फिटली! उपासाच्या दिवशी तर विचारूच नका. ६० ग्रॅम साबुदाणा, २० ग्रॅम दाण्याचे कूट आणि दोन छोटे चमचे तूप एवढ्या माफक ताटलीतही ४०० च्या वर कॅलरी बसतात, आणि माफक ताटलीवर थांबतो कोण? एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपल्या पूर्वजांना कॅलरी हा शब्द माहीत नसतानाही कळले होते. इथल्या कडक चहात, म्हणजे करकमध्ये, आटीव दूध आणि साखर दोन्ही असते. चाळीस मिनिटांच्या फेरीला साध्या पाण्यापलीकडे काही लागत नाही. खेळाडूंच्या गोड पेयाची अर्धा लिटरची बाटली १२० च्या आसपास कॅलरी परत भरते.

एवढे सगळे सांभाळूनही काटा हलत नाही, अशी मंडळी आहेतच. त्यांच्यासाठी शरीराचा चिकटपणा समजून घेणे महत्त्वाचे. टांझानियातले हादझा लोक आजही शिकार आणि कंदमुळांवर जगतात, रोज मैलोगणती चालतात. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी त्यांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च मोजला आणि २०१२ साली प्रसिद्ध केला. शरीराचे आकारमान लक्षात घेता तो शहरी पाश्चात्त्य माणसापेक्षा वेगळा निघाला नाही! एका कामात जास्त खर्च झाला की शरीर दुसरीकडे हात आखडते, असे पाँट्झर यांचे म्हणणे. (आपल्या रास अल खोर अभयारण्यातले फ्लेमिंगो एका पायावर उभे असतात ना, त्यातही स्नायूंना फारसे काम पडत नाही असे २०१७ च्या एका अभ्यासात दिसले. काटकसर फक्त आपणच करतो असे नाही.) खाणे एकदम तोडले तर हा आखडता हात आणखी आखडतो. आणि फेरी झाली की उरलेला दिवस आपण खुर्चीत बसतो ते वेगळेच. मुंबईत जिने आणि लोकलची धावपळ होती, इथे घराच्या बेसमेंटमधून ऑफिसच्या बेसमेंटमध्ये.

मग सायकल सोडावी का? मुळीच नाही, आणि त्याचे कारण पुण्यात सापडते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! २००४ साली दोघांचा फोटो या आकड्यांसह 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आपण भारतीय दिसतो बारीक, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटात. मधुमेह आपल्याला कमी वजनात आणि कमी वयात गाठतो तो यामुळे. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्यासाठी मर्यादा खाली आणल्या: बीएमआय २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. कंबर पुरुषांची ९० सेंमी आणि स्त्रियांची ८० सेंमीच्या आत हवी. १७० सेंमी उंची आणि ७५ किलो वजन म्हणजे बीएमआय २६. युरोपच्या तक्त्यात 'थोडे जास्त', आपल्या तक्त्यात सरळ लठ्ठ.

नियमित व्यायामाने वजन जागचे न हलताही पोटातली आणि यकृतातली चरबी कमी होऊ शकते, स्नायू रक्तातली साखर अधिक चांगली उचलतात. हे वजनकाट्याला दिसतच नाही. तेव्हा काट्यापेक्षा टेप विश्वासाचा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून मोजावे, महिन्यातून एकदा. पँटचा नंबर धरू नये, पँट आपण पोटाखाली घालतो! वर्षातून एकदा एचबीए१सी, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबही पाहावा.

आहाराबाबत 'दीक्षित की दिवेकर' हा वाद २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघरी रंगला. डॉ. जगन्नाथ दीक्षित हे डॉ. श्रीकांत जिचकारांचा वसा पुढे नेत दोनदाच जेवा म्हणतात, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत. रुजुता दिवेकर थोडे थोडे, वारंवार आणि घरचे खा म्हणतात. आमचे मत विचाराल तर वर्षभर टिकेल तो आहार आपला. मात्र दोन्हींत डाळ, उसळ, दही, अंडी यांना कात्री लावू नये. नुसता भात-पोळी कमी करून भागत नाही, प्रथिने कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही जातात. आठवड्यातून दोन दिवस वजने उचलावीत किंवा घरीच उठाबशा आणि जोर काढावेत, एकट्या सायकलने वरचे अंग तसेच राहते.

हे सर्व करूनही कंबर तीन-चार महिने जागची हलली नाही तर डॉक्टरांना भेटावे. थायरॉइड, बायकांमध्ये पीसीओएस, घोरण्यासह झोपेत श्वास अडखळणे, स्टेरॉइड किंवा मानसिक आजाराची काही औषधे, यांचा वजनाशी संबंध असू शकतो. वजन कमी करणारी नवी इंजेक्शने प्रभावी आहेत, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डोस विचारून घ्यावा, नाहीतर साखर एकदम उतरून ट्रॅकवरच चक्कर यायची.